इंजिन घरी उतरवता येतं हो, पण सिलिंडरला बोअर मारायला जायचं कुठे?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात रस्त्याकडेला सडणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल वरचेवर छापून येतं आणि प्रत्येक वेळी त्यात भंगार हा शब्द असतोच. त्यातल्या बऱ्याच खरंच भंगार असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्या सेक्टरातच दोन आहेत, एकीत मांजरीने दोनदा पिल्लं घातलीत. पण जुनी गाडी नीट ठेवायची म्हटली तर काय काय करावं लागतं आणि शेवटी माणूस कुठे अडतो हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय, कापायचं तर सुरुवातीचं कापा, मशीन शॉपचं, म्हणजे इंजिनाचे भाग मशीनवर कापून-घासून देणाऱ्या गाळ्याचं, ठेवा.

आम्ही कोपरखैरण्याला रो-हाऊसमध्ये राहतो. गाडी १९९६ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, बाबांनी कंपनीतून लोन काढून घेतलेली. नंबर एमएच-०४ चा, कारण तेव्हा नवी मुंबईच्या गाड्या ठाण्यालाच पासिंग व्हायच्या, वाशीचा ४३ नंतर आला. गेल्या गणपतीपासून ऑइल प्यायला लागली. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, आणि पुढे ऐरोलीच्या चढाला अॅक्सिलेटर दाबला की पुन्हा निळा धूर, मागचा बाइकवाला खोकत शिव्या देत पुढे जायचा. नुसता सकाळी एकदाच धूर आला असता तर व्हॉल्व्ह सील म्हणून सोडून दिलं असतं, पण जोर लावताना येतो म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. तरी खात्री करायला प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजवर बघितलं, मग प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं. ऑइल सोडल्यावर काटा वर गेला म्हणजे गळती रिंग आणि बोअरमधून (सिलिंडरच्या आतल्या गोल भोकातून) आहे, नाही गेला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. आमचा गेला, तिन्ही सिलिंडरला.

गॅरेजवाला म्हणाला कशाला खोलताय, तयार इंजिन आणून देतो, एका दिवसात बसवतो. इथे लोक फसतात. इंजिन नंबर आरसीवर असतो, इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते, आणि ते आलेलं इंजिन कुठल्या गाडीतलं, त्याचे कागद काय, हे विचारलं की समोरचा चहा मागवतो. मग पासिंगला गेलं की नंबर जुळत नाही. आमचं पासिंग याच जूनमध्ये आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी करावं लागतं, २०२१ ला केलं तेव्हा फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. वर पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरायचे तर इंजिन स्वतःचंच असलेलं बरं. तोच ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा, तोच नंबर, आत सगळं नवं.

मी काही मेकॅनिक नाही, बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. बाबा मात्र टीटीसी पट्ट्यातल्या (ठाणे-बेलापूर रोडची एमआयडीसी) कंपनीत मेंटेनन्सला होते, आता ८१ वर्षांचे आहेत, त्यांनी खुर्ची टाकून बसायचं आणि आम्ही हात काळे करायचे असं ठरलं. दोन रविवारचं काम म्हणून डिसेंबरात सुरुवात केली, नऊ आठवडे लागले.

उतरवणं तितकं अवघड नाही हे मी छातीठोक सांगतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, ऑइल आणि कूलंट काढायचं, पेट्रोलच्या पाइपला बूच मारायचं, बॉनेट उतरवायचं, रेडिएटर, कार्ब्युरेटर, सेल्फ, डायनामो, सायलेन्सरचा पुढचा पाइप, मग खालून एक्सल आणि गिअरबॉक्स. बाबांची एकच अट, जॅकवर गाडी असताना कोणी खाली शिरायचं नाही, चारी बाजूला घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही. घर जुनं, पोर्चच्या स्लॅबला चेन कुप्पी टांगायची हिंमत झाली नाही, म्हणून बोअरवेलच्या पंपवाल्याकडून पाइपाची तिपाई भाड्याने आणली आणि इंजिन फाउंडेशनचे बोल्ट सोडून इंजिन वर घेतलं. इंजिन हवेत लोंबकळताना बघितलं की पोटात गोळा येतो हे खरं. ज्यांच्या बिल्डिंगला स्टिल्ट पार्किंग आहे त्यांनी मात्र तिथे हे करू नये, पेट्रोलची वाफ खाली साचते आणि शेजारी वीस गाड्या उभ्या असतात.

या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला हवेचे बारीक रबरी पाइप इतके असतात की मोजता मोजता वैताग येतो. माझ्या लेकीने प्रत्येक पाइपला दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवला, काढायच्या आधी फोटो काढला आणि नट-बोल्ट झिपच्या पिशव्यांत भरून वर मार्करने लिहिलं. तिचा हात लागला नसता तर मी आजही पोर्चमध्येच बसलेलो असतो. धुवायला रॉकेल हल्ली मिळत नाही, डिझेल वापरलं. मधेच संक्रांत आली, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना उंबऱ्यात तीन पिस्टन मांडलेले दिसले, बायको आठवडाभर बोलली नाही, ते असो.

आता मुद्दा. खोलणं घरी, जोडणं घरी, पण मधलं काम घरी होत नाही. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, जिथे रिंग वळते तिथे, आणि गोल राहत नाही, किंचित अंडाकृती होतो. बोटाने खांदा लागतो पण किती झिजलाय ते बोअर गेजनेच कळतं. मग बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल आणि थोडा मोठा करायचा, होनिंग करायचं, क्रँकला ग्राइंडिंग लागतं का बघायचं, हेडचं (ब्लॉकवरच्या झाकणाचं) फेसिंग, व्हॉल्व्हच्या सीट. हे सगळं मशीन शॉपचं काम. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, तीन शनिवार फिरलो. एका जागी आता बाइक वॉशिंग आहे, एका जागी केकचं दुकान. शेवटी ठाण्यात वागळे इस्टेटला एका गाळ्यात एक काका सापडले. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ साली या वागळे इस्टेटमधून झाली, एकेकाळी तिथे म्हणे नुसतं लेथच्या आवाजावरून कोणता गाळा ते कळायचं, आज काकांच्या दोन्ही बाजूंना आयटी पार्क आणि समोर कॉफीचं दुकान, तिथली कॉफी काकांच्या एका व्हॉल्व्ह ग्राइंडिंगएवढी महाग.

ब्लॉक टेम्पोत घालून विटाव्यामार्गे नेला तर काकांनी हातही लावला नाही. म्हणाले, "आधी पिस्टन आणा, मग ब्लॉक." मला वाटलं टाळतायत. पण त्यांचं बरोबर होतं. पिस्टनच्या मापावर बोअर मारतात, बोअर मारून मग पिस्टन शोधायचा नसतो, कारण मधली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागांची ठेवायची असते, कमी झाली तर पिस्टन गरम होऊन जाम, जास्त झाली तर खडखड. कुर्ल्याला सीएसटी रोड पालथा घातला, ऑपेरा हाऊसला गेलो, तिथे ०.५० ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठा, पिस्टनचा सेट मिळाला. मूळ बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची खालवर चाल) ७२, तीन सिलिंडर, म्हणजे ७९६ सीसी. आता बोअर ६९ झाला, लेकीने गणित करून सांगितलं की ८०८ सीसी झालं. इतकी वर्षं ८०० म्हणून मिरवणारी गाडी तिसाव्या वर्षी एकदाची ८०० झाली!

काका काम करताना मी स्टुलावर बसून होतो. बोअर झाला की आरसा झाला असं वाटतं पण आरसा नको असतो, होनिंगने आतल्या भिंतीवर तिरक्या रेघा पाडतात, एकमेकींना छेदणाऱ्या, त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा त्यावर बसतात. हेडला सायलेन्सरचा एक स्टड माझ्याच हातून तुटला होता, आत अडकलेला. मी ड्रिल मारायच्या बेतात होतो. काकांनी तुटलेल्या टोकावर नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टिपका सोडला, थोडं थांबले आणि पान्याने फिरवून काढला, आटे शाबूत. त्याचे पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले ड्रिल मारला असतात तर हेड मलाच विकायला लागलं असतं भंगारात.

त्यांनी सांगितलं की अर्धा धंदा पद्मिनी टॅक्सींबरोबर गेला. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून सगळ्या गेल्या. ते इंजिन १०८९ सीसीचं, बोअर मारा, पुन्हा मारा, मग स्लीव (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घाला, असं चालायचं. आता लोक गाडीच बदलतात. मुलगा यात येणार नाही, तो काकांच्याच शेजारच्या आयटी पार्कात आहे. मशीन विकत घ्यायला आला होता तो भंगारवाला, आणि त्याने वजनावर भाव लावला.

घरी जोडताना आम्ही एक घोळ केला तो लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. रिंगा आधी नुसत्या बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने त्यांच्या तोंडातली फट मोजली, पिस्टनवर चढवताना तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत, बेअरिंग कॅप नंबरप्रमाणे आणि बाणाची दिशा बघून लावल्या, टॉर्क पाना वापरला, टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवल्या, आणि सेल्फ मारला तर कार्ब्युरेटरमधून फाट्कन आवाज. परत मारला, परत फाट्. शेजारचे गॅलरीत. बाबा खुर्चीतून उठलेही नाहीत, म्हणाले, "अरे, डिस्ट्रिब्युटर उलटा बसवलायस." एक नंबरचा पिस्टन वर आला की मी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना करंट वाटतो तो भाग, बसवला होता, पण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेट्रोल दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला, मी दुसऱ्याच वेळेला बसवला होता. काढून अर्धा फेरा फिरवला, पहिल्या सेल्फला सुरू. आता हजार किलोमीटर हळू चालवायची आहे, जोर द्यायचा नाही. रबरी पाइप सगळे नवे घातले, जुन्या रबराला हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल मानवत नाही. पैसे किती वाचले विचाराल तर गॅरेजने सांगितले त्याच्या निम्म्याहून जरा जास्तच गेले, म्हणजे फार नाही वाचले.

काढलेलं तीनेक लिटर ऑइल मात्र कोणीही गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि आपल्याकडचे नाले कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे, ज्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला म्हणून आपण फ्लेमिंगोचे फोटो टाकतो त्याच खाडीत. मी बाटल्यांत भरून गॅरेजच्या ड्रममध्ये दिलं, ते ऑइल गोळा करणाऱ्याला देतात.

तर माझी विनंती अशी, आणि ती आपल्या पेपरामार्फत जिथे पोचायची तिथे पोचावी. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड आहेतच, शेडही आहेत. तिथे बोअरिंग, होनिंग आणि व्हॉल्व्ह सीटचं काम रीतसर फी घेऊन लोकांसाठी चालू करा, आठवड्यातून एक दिवस, आणि काकांसारख्या माणसांना मानधन देऊन पोरांसमोर उभं करा. उद्या सगळं इलेक्ट्रिक होईल, होऊ दे, मलाही हवंय, पण जनरेटर, कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप, ट्रॅक्टर आणि लाखो जुन्या गाड्या उद्या सकाळी नाहीशा होणार नाहीत. आणि मशीन मिळेल हो विकत, ब्लॉकला हात लावायच्या आधी पिस्टन मागणारा माणूस कुठून आणणार?

काकांचा गाळा मे अखेरपर्यंत आहे. त्यांचा पत्ता मी छापायला पाठवणार होतो, विचारलं तर नको म्हणाले. रांगेत अजून चार ब्लॉक पडलेत, तेवढे पुरे करू दे म्हणाले.

आपला,
एक नेहमीचा वाचक, कोपरखैरणे