खिळ्यावरचा कोयता

चि. बाळासाहेब यास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू न जेवता गेलास. मायनं तुझं ताट रात्रीपर्यंत झाकून ठेवलं होतं. आगीचा विषय पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या तू पेटवल्यास, त्यावरून सोयऱ्यांसमोर बोललो ते जास्तच झालं.

वाळूजला खोली मिळाली, बरं झालं. पण पत्र्याची म्हणतोस, छकुलीला ऊन सोसंल का? कूलर घ्या. फक्त कूलर, इस्त्री अन् मोबाईल एकाच बोर्डावर लावू नका. वायर हाताला गरम लागली की लगेच बंद करा. आणि गॅस. रात्री शेगडीचं बटण बंद केलं तेवढ्यावर भागत नाही, रेग्युलेटर बंद करूनच निजायचं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीवर साचतो, अन् लेकरू तिथंच निजतं. वास आला तर लाइटचं बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, लेकराला घेऊन बाहेर यायचं, मग १९०६ ला फोन. नळीवर तारीख असते ती बघ, पाच वर्षं उलटली असतील तर नवी घे. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं, हे सुमनला सांग.

बघ, काढायचा नाही म्हणलं आणि तेच काढून बसलो. तू कंपनीत सेफ्टीचं शिकलेला माणूस, तुला मी काय सांगावं. गावात मी सांगत असतो, आग विझवायचा तो लाल सिलिंडर आमच्या बाळासाहेबाला चालवता येतो.

पऱ्हाट्यांचं तुझं म्हणणं खोटं नव्हतं. वावरात तशाच ठेवल्या तर बोंडअळी पुढच्या कापसावर येते, हे मलाही कळतं. पण भर बाराचं ऊन, वारं सुटलेलं, बांधावर वाळलेलं गवत अन् पलीकडं शेजाऱ्याची कडब्याची गंजी. परभणीचा उन्हाळा आहे बाबा, पारा ४४ च्या पुढं जातो. वावटळ उठली की जळकी काडी कुठं जाऊन पडेल, काय नेम? पऱ्हाट्या उपटून, कुट्टी करून कुजवल्या तर अळीचंही घर मोडतं आणि वावराला खत होतं. यंत्राचं भाडं मी दिलं असतं. विचारायचं तरी होतंस.

१९९४ चा उन्हाळा. किल्लारीच्या भूकंपानंतरचा, तू पोटात होतास. बाजूच्या बांधावरून आग आली. वावरातल्या आपल्या आखाड्याला, गुरं बांधायचो तिथं, तेव्हा तुराट्यांचा कूड अन् वर पाचटाचं छप्पर. मी विहिरीवरून पळत आलो तोवर छप्पर धडधडत होतं. ढवळ्या बैल आत. ओढून ओढून दाव्याची गाठ एवढी आवळलेली की सुटंना. कोयता हुडकला, सापडेना. नाना दातानं गाठ सोडत होते. पुढचं तुला कधी सांगितलं नाही, आजही सांगवत नाही. हातावरचा डाग कशाचा म्हणून तू विचारायचास, तर ते दूध सांडलं म्हणायचे.

तेव्हापासून कोयता दाराच्या खिळ्यालाच असतो. सोमवारी धूर दिसला तसा मी आधी आखाड्यात शिरलो. दोन्ही जनावरं दाव्याला, अन् खिळा रिकामा. कोयता तू बांधावर नेलेला. मग मी तुझ्यापाशी आलो अन् तोंडाला येईल ते बोललो. काडी लावली म्हणूनही बोललोच, पण आधी खिळा दिसला होता.

मला मागं सारून तू ओलं गोणपाट घेऊन गवत झोडपत पुढं गेलास, ते मी पाहिलंय. त्या घडीला तोंडातून चांगला शब्द निघाला नाही. माय म्हणते, जाताना लंगडत होतास. पाय भाजलाय का? फोड आला असेल तर फोडू नको, टूथपेस्ट लावू नको, डॉक्टरला दाखव. आणि खरं काय ते फोनवर सांग, नानांसारखं करू नको.

आपली गंजी घरापासून लांब विहिरीकडं हलवली, भोवती नांगर फिरवून घेतला. राहिलेल्या पऱ्हाट्या उभ्याच आहेत. तू अक्षय तृतीयेला आलास की दोघं मिळून उपटू. ज्वारीचं पीठ अन् कुरडया माय कुणाच्या तरी हाती धाडणार आहे. कोयता बांधावर सापडला, पुन्हा खिळ्याला लावलाय.

रेग्युलेटरचं विसरू नको.

तुझा,
दादा