फायब्रोस्कॅन तालुक्यापर्यंत यावे

रविवारच्या अंकातील यकृताच्या आजारांवरील लेख पटला. पण त्यात यकृत किती कडक झाले आहे हे सांगणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीचा उल्लेखही नाही. या तपासणीत सुई टोचत नाहीत. दोन बरगड्यांच्या मधे प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) टेकवून हलका ठोका देतात आणि त्याने यकृतात उठणाऱ्या लहरीचा वेग मोजतात. यकृत जितके कडक, तितकी लहर वेगवान; कडकपणाचा आकडा किलोपास्कल या एककात मिळतो. काम जेमतेम १० मिनिटांचे. त्यासाठी माझ्या भावाला एटापल्लीहून एसटीने नागपूर गाठावे लागले. तपासणीआधी किमान ३ तास उपाशी राहायचे असते. नंबर कधी लागेल ठाऊक नाही, म्हणून भाकरी पिशवीतच राहिली. मजुरी बुडाली ती वेगळीच. या यंत्राचे सहज नेता येणारे संचही मिळतात. आरोग्य विभागाने ते महिन्यातून एकदा तरी ग्रामीण रुग्णालयांत आणावे.

— एक वाचक, एटापल्ली (जि. गडचिरोली)