प्रोव्होत पोर्तुगीज शिकणाऱ्या मुलास

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

तुझे या आठवड्याचे पत्र पोहोचले. आईने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि नंतर मी एकट्याने पुन्हा वाचले. आपल्या घरापासून युटातले प्रोव्हो, जिथे तुमच्या चर्चचे धर्मप्रचारक प्रशिक्षण घेतात, मोटारीने पाऊण तासावर आहे, कामावर जाताना मी त्याच महामार्गाने जातो, तरीही प्रशिक्षण संपेपर्यंत तुझी भेट नाही, हे गोव्यातल्या तुझ्या आत्याला समजावून सांगणे मला अजून जमलेले नाही. दर आठवड्याला तुझा चेहरा पडद्यावर दिसतो ही सवलतही फेब्रुवारी २०१९ पासूनची. त्याआधी मिशनवरच्या मुलांना नाताळला आणि मातृदिनाला तेवढा घरी फोन करता येत असे, असे शेजारच्या बाईंनी सांगितल्यापासून आईची कुरकुर कमी झाली आहे. परंतु त्या फोनचा निम्मा वेळ तू नीट जेवतोस की नाही यात जातो आणि उरलेला तुझ्या जोडीदाराची, म्हणजे मिशनसाठी तुझ्याबरोबर जोडून दिलेल्या मुलाची, विचारपूस करण्यात, त्यामुळे मला जे सांगायचे आहे ते पत्रात लिहिलेले बरे. आपले बोलणे कोंकणीत आणि पत्र मराठीत, ही आजोबांच्या वेळेपासूनची रीत मी मोडत नाही.

‘मॉर्मन’ हा शब्द तुझ्याशी बोलताना मी टाळतो, कारण २०१८ मध्ये तुमचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचे पूर्ण नाव घेण्याचा आग्रह धरला हे तू मला पुरेशा वेळा सांगितले आहेस. मात्र नातेवाइकांना फोनवर ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ एवढे म्हणेपर्यंत त्यांचा पुढचा प्रश्न आलेला असतो, म्हणून तिथे मी मॉर्मनच म्हणतो. तेवढे तू चालवून घे.

तुमच्या शिक्षणाच्या पद्धतीबद्दल तू जे लिहिले आहेस ते मला फार आवडले. साडेसहाला उठायचे, साडेदहाला दिवे मालवायचे, मधला बहुतेक वेळ वर्गात किंवा अभ्यासात घालवायचा आणि जोडीदाराला कधी नजरेआड होऊ द्यायचे नाही, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी स्वखुशीने पत्करावे आणि त्यासाठी दरमहा पाचशे डॉलरही भरावेत, याचे मला अजून नवल वाटते. तुझ्या बाबतीत तर ते पैसे उन्हाळ्यातल्या नोकऱ्यांतून तू स्वतः साठवलेले आहेत. तुमचे शिक्षक म्हणजे अलीकडेच ब्राझीलहून परतलेले, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकणारे विशी-बाविशीतले विद्यार्थी. ते पहिल्या तासापासून पोर्तुगीजच बोलतात, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एका ‘जिज्ञासू’ गृहस्थाच्या भेटीला पाठवतात, जो प्रत्यक्षात त्या शिक्षकांपैकीच कोणीतरी असतो. तिथे प्रार्थनेच्या दुसऱ्याच वाक्यात तुझी गाडी अडली आणि जोडीदाराने घाईघाईने ‘आमेन’ म्हणून सुटका केली, हे वाचून आई आणि मी खूप हसलो. वर्षानुवर्षे व्याकरण घोकूनही दुकानात तोंड न उघडणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे चुकत चुकत बोलायला लावणारी ही रीत मला योग्य वाटते.

ब्राझीलचा व्हिसा रखडला म्हणून तू काळजीत दिसलास. काळजीचे कारण नाही, कारण तुमच्या भाषावर्गांचा जन्मच व्हिसाच्या रखडपट्टीतून झाला आहे. १९६१ मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनाला निघालेल्या मुलांचे व्हिसा अडकून पडले, तेव्हा तोवरचा वेळ वाया जाऊ नये म्हणून प्रोव्होत त्यांना स्पॅनिश शिकवू लागले. पुढे त्यात पोर्तुगीजची भर पडली आणि १९७६ मध्ये तू आज राहतोस तो परिसर वापरात आला. व्हिसा आणखी लांबलाच, तर तुला काही काळ अमेरिकेतल्याच एखाद्या मिशनमध्ये काम करावे लागेल. तसे झाले तर भाषा मात्र सुटू देऊ नकोस.

उच्चारांबद्दल दोन शब्द. अनुनासिक स्वर तुझ्या वर्गातल्या मुलांना जड जातात असे तू लिहितोस. तुला ते जड जाऊ नयेत, कारण कोंकणी बोलणाऱ्याच्या नाकाला त्यांची लहानपणापासून सवय असते. तुझे शिक्षक ‘ती’चा ‘ची’ आणि ‘दी’चा ‘जी’ करायला शिकवत आहेत ते ब्राझीलच्या मोठ्या भागाला धरून आहे, परंतु आमच्या कचेरीत रेसिफेचे, म्हणजे तू ब्राझीलमध्ये जिथे जाणार आहेस त्याच शहराचे, एक गृहस्थ आहेत त्यांच्या तोंडी ‘ती’ आणि ‘दी’ बहुधा साधेच असतात, आणि ‘स’ पुष्कळदा ‘श’कडे झुकतो. हा ‘श’ आजोबांच्या पोर्तुगीजमध्येही होता, कारण ते लिस्बनच्या वळणाचे शिकले होते. तेव्हा रेसिफेला उतरल्यावर आपण वेगळीच भाषा शिकून आलो की काय असे वाटले, तर घाबरून जाऊ नकोस.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो. सहा आठवड्यांत तुला जे पोर्तुगीज येईल ते सांगण्याचे पोर्तुगीज असेल. प्रार्थना, साक्ष, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, चिरंतन कुटुंब, हे शब्द आणि ते ज्यांत बसवायचे ती वाक्ये तुला तोंडपाठ होतील. परंतु दार उघडणारी बाई त्या शब्दांत बोलणार नाही. ती नवऱ्याच्या गेलेल्या नोकरीबद्दल, थकलेल्या भाड्याबद्दल, सरकारी दवाखान्यातल्या रांगेबद्दल, मुलाच्या संगतीबद्दल बोलेल, आणि तेही भरभर, अर्धी वाक्ये गिळून, तुझ्या शिक्षकांसारखे थांबून थांबून नव्हे. तिचे बोलणे कळले नाही तर तू मान डोलावशील आणि पाठ केलेला पहिला धडा सुरू करशील, अशी मला भीती आहे. म्हणून माझी विनंती अशी की शिक्षकांकडून ताप, भाडे, कर्ज, बेकारी, बस चुकणे, दारू पिणारा भाऊ, यांविषयी लोक जसे बोलतात ते बोलणे आताच मागून घे. त्या खोट्या भेटींत जिज्ञासू झालेल्या शिक्षकांना सांग की एखाद्या दिवशी त्यांनी दहा मिनिटे स्वतःच्याच अडचणी सांगाव्यात आणि तुम्ही दोघांनी काहीही न शिकवता फक्त प्रश्न विचारावेत. ते परवानगी देतील असे मला वाटते. तुमच्या मार्गदर्शिकेतही ऐकून घेण्यावर भर आहे असे तूच म्हणाला होतास.

हे मी इतके आग्रहाने सांगतो त्याला आपल्या घराचा इतिहास कारण आहे. आपला देव मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० मध्ये भक्तांनी त्याला जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेले, कारण अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंड्याचा भाग, तेव्हा आदिलशाहीत होता आणि पोर्तुगिजांचा हात तिथवर पोहोचत नव्हता. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले, ते कायमचे उठायला १८१२ साल उजाडले. १६८४ मध्ये तर लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम व्हाइसरॉयने काढला. तो तडीस गेला नाही हे तुझी आई अजून कोंकणीत रागावते त्यावरून दिसतेच. या सगळ्या काळात आपली माणसे दाराच्या आतल्या बाजूला होती, आणि बाहेरून बोलणाऱ्यांना त्यांचे ऐकून घेण्याची गरज नव्हती, कारण त्यांच्यामागे राजाची सत्ता उभी होती. तुझ्यामागे ती नाही. रेसिफेतला कोणीही तुला ‘नको’ म्हणून दार लावू शकतो, आणि तुझ्या कामातली मला सर्वांत पटणारी गोष्ट तीच आहे.

कुठ्ठाळी तेव्हा ज्यात मोडत असे त्या साष्टी भागात, देवळे पाडली जाण्याच्या त्याच शतकात, फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहून गेला, हेही विसरू नकोस. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तिथेच राहिला. त्याने आपल्या भाषांकडे असा कान दिला की १६१६ मध्ये राशोलला छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या मराठी ओव्या ख्रिस्ती नसलेले वाचकही आज भाषेसाठी वाचतात. तो ज्या सत्तेच्या आश्रयाने आला तिच्याबद्दल माझे मत बदलत नाही, पण माणसाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

आजोबांनी हा सारा इतिहास घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला होता आणि तरीही पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, पोर्तुगीज शिकले. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर हिंदूंना शिक्षणाची आणि नोकरीची दारे उघडली, त्याचा लाभ त्यांच्या पिढीला झाला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्याचा त्यांना मनापासून आनंद होता, पण सकाळी ‘ओ एराल्दु’ हे पोर्तुगीज दैनिक वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे, आणि १९८३ मध्ये ते पत्र इंग्रजी झाले तेव्हा बरेच दिवस ते चिडचिडे होते. ते आज असते तर तुझ्या धर्माबद्दल काय म्हणाले असते याचा अंदाज मी करत नाही. तुझी क्रियापदे मात्र त्यांनी नक्की तपासली असती. तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा आम्ही दोघे काय म्हणालो ते तुला ठाऊक आहे आणि ते आज पुन्हा उकरण्यात अर्थ नाही. तुझी श्रद्धा आमची नाही, मुलगा मात्र आमचा आहे.

आणखी एका प्रश्नाची तयारी प्रोव्होतच करून ठेव, कारण तो तुला रेसिफेत कधी ना कधी विचारला जाईल. जून १९७८ पर्यंत तुमच्या चर्चमध्ये आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना प्रीस्टहूड, म्हणजे पौरोहित्याचा अधिकार, मिळत नव्हते, आणि ज्या देशात कोणाच्या पूर्वजांत कोण होते हे सांगणे अवघड, त्या ब्राझीलमध्ये या नियमाने किती घरांना दुखावले असेल याची कल्पना कर. साओ पाउलोचे मंदिर १९७५ मध्ये जाहीर झाले आणि बंदी उठल्यावर ऑक्टोबर १९७८ मध्ये त्याचे समर्पण झाले. रिओचे एल्व्हेसिओ मार्टिन्स १९७२ मध्येच कुटुंबासह सभासद झाले होते आणि ही सारी वर्षे टिकून राहिले. बंदी उठल्यावर त्यांचा मुलगा मिशनवर गेला आणि १९९० मध्ये ते स्वतः चर्चच्या सर्वोच्च अधिकारीवर्गात आलेले पहिले कृष्णवर्णीय ठरले. एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थाने तुला याबद्दल विचारले तर विषय बदलू नकोस. जे घडले ते साध्या पोर्तुगीजमध्ये, सारवासारव न करता सांगता यावे, एवढी वाक्ये आताच जुळवून ठेव. ती पाठ्यक्रमात नसतील तर शिक्षकांच्या मदतीने लिहून काढ.

आईचे निरोप वेगळे आहेत. ब्राझीलमध्ये दुपारचे जेवण बहुधा सभासदांच्या घरी असते असे तिने ऐकले आहे. भात आणि घेवड्याची उसळ तुला आवडेल, मासे तर आपलेच, परंतु गोमांस पानात आले तर काय करशील, हे तिला विचारायचे आहे. खायचे की नाही हे तू ठरव, पण नको म्हणायचे असेल तर यजमानीणबाईंचा अवमान होणार नाही अशा रीतीने म्हणता आले पाहिजे. कॉफीचेही तेच, कारण तुमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी वर्ज्य. चहा तू सोडलास तेव्हा घरात आपण चौघेच होतो. तिकडे घरोघरी लहान कपातली गोड कॉफी पुढे केली जाईल आणि ती नाकारणे म्हणजे त्या घराचा पाहुणचार नाकारणे असे एखाद्याला वाटू शकेल. कॉफी नको पण पाणी चालेल, आणि बसायला तर नक्कीच आवडेल, हे हसतमुखाने म्हणण्याचा सराव जोडीदाराबरोबर कर. शिवाय रेसिफेच्या बाजूला काजूच्या बोंडांचा रस मिळेल, तो जरूर पी. आपला काजू पोर्तुगिजांनी त्याच मुलखातून गोव्यात आणला आहे.

डासांपासून जप, तिकडे डेंग्यू असतो. व्हिसाचे काही कळले तर पुढच्या फोनची वाट न पाहता दोन ओळी पाठव. आईने अर्ध्या बाह्यांचे पांढरे सदरे आणून ठेवले आहेत, कारण रेसिफेच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे सदरे तुला सोसणार नाहीत असे तिचे म्हणणे आहे. ते प्रोव्होच्या पत्त्यावर पाठवायचे की तिकडचा पत्ता मिळेपर्यंत थांबायचे, तेवढे कळव.

तुझे बाबा