मित्रा, पूर्ण मजुरी घेतलीस म्हणून आभार

प्रिय मित्रा,

आमच्या घराला बाहेरून रंग देऊन झाला, परांचीचे बांबू उतरले, अंगणातले शिंतोडे पुसून झाले आणि हिशेबही मिटला. चहा पिताना तोंडी आभार मानले, पण तेवढ्याने भागण्यासारखं हे काम नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. बेळगाव-खानापूर भागात ओळखीच्या माणसाकडून, मित्राकडून घर रंगवून घेणारे पुष्कळ आहेत. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले की रंगाबरोबर बोलणंही तुटतं. तू काय काय केलंस ते त्यांनाही कळावं.

सगळ्यात आधी आभार पैसे घेतल्याबद्दल. "घरचंच काम आहे, बघू नंतर" असं तू एकदाही म्हणाला नाहीस. पहिल्याच दिवशी टेप आणि वही घेऊन आलास. माल वेगळा, मजुरी वेगळी, हे आधी लिहिलंस. मजुरीतही दोन भाग केलेस: धुणं, खरवडणं, भेगा भरणं हे हजेरीवर, आणि प्रायमरपासून (रंगाआधीच्या थरापासून) पुढचं काम चौरस फुटाच्या दराने उक्तं, म्हणजे ठोक. यामागचं कारण फार पटलं. भिंत खरवडायला घेतल्याशिवाय आत किती गिलावा पोकळ झालाय ते कुणालाच सांगता येत नाही. ते काम उक्तं दिलं की पेंटरचा हात आपोआप आखडतो आणि सुटत आलेल्या रंगावरच नवा रंग चढतो. उलट रंगाचे हात मोजता येतात, भिंत मोजता येते. तिथे हजेरी लावली तर काम रेंगाळतं. दुकानातल्या रंगाच्या बादलीत पेंटरसाठी बक्षिसाचं कूपन असतं हेही तू आपणहून सांगितलंस. ते कूपन तुझंच, पण सांगितल्यामुळे मालाच्या बिलाबद्दल मनात किंतु राहिला नाही. पैसे चार टप्प्यांत घेतलेस: माल आणताना, खरवडणं संपल्यावर, प्रायमर झाल्यावर आणि सगळं बघून झाल्यावर. मित्राला फुकट राबवलं की त्याच्या कामातली चूक दाखवायला तोंड उघडत नाही. पूर्ण दर ठरला होता, म्हणून "इथे दुसरा हात पातळ बसलाय" हे मोकळेपणाने म्हणता आलं, आणि तूही तितक्याच मोकळेपणाने रोलर फिरवलास.

दुसरे आभार दिवाळीआधी रंगाला हात न लावल्याबद्दल. आपल्याकडे दसरा-दिवाळीला घर चकचकीत हवं असतं आणि त्यासाठीच पेंटरमागे घाई लागते. पण जून ते सप्टेंबर पाणी प्यालेली भिंत हस्ताच्या पावसात पुन्हा भिजते. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. त्यावर अॅक्रिलिकचा, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या नेहमीच्या रंगाचा थर दिला की ऊन पडल्यावर आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि रंगाला फुगे येतात. तू फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवलास. सकाळी आतल्या बाजूला दव जमलेलं होतं. मग तुळशीचं लग्न होऊ दे म्हणालास. दिवाळीत घर जुनंच दिसलं, बिघडलं काहीच नाही.

त्या मधल्या दिवसांत तू भिंतींचं जे निदान केलंस, ते कामाचं खरं मूळ. एकाच घराच्या चार भिंती चार तऱ्हेने खराब होतात. पश्चिम आणि नैर्ऋत्येची भिंत पावसाचा सरळ मारा खाते. तिथे भेगांतून पाणी शिरतं. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून तिथे हिरवं शेवाळ आणि काळी बुरशी. दक्षिणेला उन्हाने रंगातला बांधून ठेवणारा भाग झिजतो आणि तळहात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागते. कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांना बुरशीचा त्रास जास्त, अथणीकडे गेलं की या भुकटीचा. म्हणून एकच सल्ला दोन्हीकडे चालत नाही. आणि न्हाणीघराच्या बाहेरचा तो डाग! पावसाळ्यात वाढणारी आणि हिवाळ्यात वाळणारी ओल पावसाची असते. बारा महिने तशीच राहणारी ओल नळाची किंवा सांडपाण्याच्या पाइपची. तो डाग दुसऱ्या प्रकारातला आहे हे तू ओळखलंस आणि प्लंबरने सांधा बदलेपर्यंत तिथे ब्रश टेकवला नाहीस. तो तसाच रंगवला असता तर सगळ्यात आधी तिथलाच पापुद्रा हातात आला असता.

छज्ज्यांचं काम तर कुणाच्या नजरेतही येणार नाही. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, पाणी तुटून खाली पडावं म्हणून एक बारीक खाच ठेवलेली असते. दर रंगाच्या वेळी पुट्टी आणि रंग बसून ती बुजते. मग पाणी छज्ज्याच्या पोटावरून मागे सरकत भिंतीवर येतं आणि खिडकीच्या डोक्यावर काळे ओघळ दिसतात. तू प्रत्येक खाच छिन्नीने मोकळी केलीस. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूने उतार दिलास, म्हणजे पाणी गच्चीवर पडेल, समोरच्या भिंतीवरून ओघळणार नाही. या दोन कामांत रंगाचा थेंबही लागला नाही, पण रंग किती वर्षं टिकणार ते बरंचसं इथेच ठरलं.

आता धुणं-खरवडण्याबद्दल. खाली जोत्याजवळ जो पांढरा खार फुटला होता, तो तू आधी कोरड्या ब्रशने झाडून काढलास. पाण्याने धुतला की तो खार विरघळून पुन्हा भिंतीतच जातो आणि वाळल्यावर परत वर येतो. बुरशीवर १ भाग घरगुती ब्लीच आणि ३ भाग पाणी, १५-२० मिनिटं तसंच ठेवून मग नायलॉनच्या ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुणं. हातमोजे आणि चष्मा घालून. बुरशी नुसती खरवडली तर तिची मुळं भिंतीतच राहतात आणि नव्या रंगातून वर येतात. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं काही चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. हे तू बरोबरच्या पोरांना दोनदा बजावलंस तेव्हा फार बरं वाटलं. ब्रश आणि बादली गेली तरी चालेल, पोरांच्या छातीला काही व्हायला नको.

हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत सगळी भिंत फिरलास. जिथे पोकळ आवाज आला तिथला गिलावा चौकोनात कापून काढला, भिंत भिजवली आणि १ भाग सिमेंटला ४ भाग वाळू असा नवा गिलावा भरला. सात दिवस पाणी मारलं आणि २८ दिवस तिथे रंग दिला नाही. ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो, त्या ठिगळावर रंग फिका पडून डाग उठतात. घाई असलेला माणूस इथेच चुकतो: बाकी भिंत तयार आहे, दोन ठिगळांसाठी कशाला थांबायचं? पण भिंतीवर मग तीच ठिगळं दिसतात.

केसासारख्या बारीक भेगा तू स्क्रेपरच्या टोकाने इंग्रजी व्हीच्या आकारात उघडल्यास, धूळ झटकलीस आणि बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारी भेगा बुजवायची पेस्ट भरलीस. वरवर पुट्टी फिरवली तर ती भेगेच्या आत जातच नाही, तोंडावर पातळ झाकण बसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात तडकतं. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी भेग वेगळी. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत, म्हणून ती भेग दर वर्षी हलते. तिथे तू दोन्ही बाजूंना चार-चार इंच पसरेल अशी फायबरची जाळी पॉलिमरच्या मसाल्यात बसवलीस. पुट्टी जिथे हवी तिथेच, आणि पांढऱ्या सिमेंटची. आतल्या भिंतीची मऊ पुट्टी किंवा पीओपी बाहेर वापरलं की पावसात ते लगद्यासारखं होतं. स्वस्त पडतं म्हणून ते खपतं आणि दोष मात्र रंगाच्या कंपनीला मिळतो.

मागच्या पडवीबद्दल तुझे वेगळे आभार मानायला हवेत. ती जांभ्याच्या चिऱ्यांची, चुन्यात बांधलेली. तिलाही पुढच्या भिंतीसारखाच रंग द्यावा असं घरात सगळ्यांना वाटत होतं, आणि दिला असतास तर तुझे चौरस फूट वाढले असते. तू नको म्हणालास. जांभा पाणी शोषतो आणि हळूहळू सोडतो; चुन्यातून ती वाफ बाहेर जाऊ शकते. वर अॅक्रिलिकचा घट्ट थर बसला की ओल आत कोंडते आणि चिऱ्याचा पृष्ठभागच रंगासकट सुटतो. शिवाय जुन्या चुन्याच्या सुट्या थरांवर अॅक्रिलिक धरतही नाही. म्हणून चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून रात्रभर ठेवली, कापडातून गाळली, गोंद घातला आणि भिंत ओलसर करून तीन पातळ हात दिले. जाड एक हात दिला असता तर तो तडकून गळून पडला असता. चुनकळी विरवताना पाणी उकळतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून पोरांना लांब उभं केलंस. पडवी आता पुढच्या भिंतीइतकी गुळगुळीत दिसत नाही, पण ती तिच्या वयाला शोभेल अशी दिसते.

खिडक्यांच्या लाकडावरचा जुना ऑइल पेंट तू कोरडा घासू दिला नाहीस. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं हा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि कोरड्या घासणीची धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. पाणी लावून वॉटर पेपरने घासलंस, खाली ताडपत्री अंथरलीस, खरवड गोळा करून बांधून टाकलीस. लोखंडी जाळ्यांचा गंज उघड्या लोखंडापर्यंत काढला आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड हा गंज रोखणारा थर लावला, कारण एक रात्र दव पडलं की उघड्या लोखंडावर पुन्हा गंज धरतो.

मापाचा हिशेब इथे लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. घेर १२० फूट, उंची १८ फूट, म्हणजे २१६० चौरस फूट. दारंखिडक्यांचे २६० वजा, राहिले १९००. प्रायमर लिटरला १०० चौरस फूट धरून १९ लिटर, म्हणजे २० लिटरची एक बादली. वरच्या रंगाला दोन हातांसाठी लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट सांगतात. आपली भिंत रवाळ म्हणून तू ५० धरलेस: ३८ लिटर, २० च्या दोन बादल्या. साधारण दोन लिटर उरले, तेवढे उरायलाच हवेत. रंगाच्या दोन्ही बादल्या उघडून आधी मोठ्या ड्रममध्ये एकत्र ढवळल्यास. मशीनवर शेड बनवली तरी बादलीबादलीत किंचित फरक पडू शकतो, आणि भिंतीच्या मधोमध बादली बदलली की तो पट्टा जन्मभर दिसतो. रंगात पाणी डब्यावर लिहिल्याइतकंच, मापाने. जास्त पाण्याने रोलर पळतो, पण थर पातळ पडतो आणि दोन वर्षांत भुकटी सुटते.

सकाळी दव सुकल्यावर सुरुवात, चार वाजता ब्रश धुवायला. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची, कायम सावलीच्या मागे. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि रोलरचे जोड दिसतात. दोन हातांमध्ये किमान चार तास. शेडही तू सुचवलेलीच बरी निघाली: काव आणि पिवळ्या मातीच्या जातीचे रंग उन्हात टिकतात, भडक तांबडा आणि लिंबासारखा पिवळा लवकर उडतो.

परांची वीजतारेपासून लांब ठेवलीस, ओला बांबू तिकडे वळू दिला नाहीस, आणि वर चढणाऱ्याला पट्टा लावल्याशिवाय चढू दिलं नाहीस.

एकंदर पंधरा दिवस तू इथे राबलास. त्यातले रंगाचे दिवस चार. बाकीच्या अकरा दिवसांत केलेलं काम आता रंगाखाली झाकलं गेलंय. रस्त्याने जाणारा माणूस शेडचं कौतुक करतो, त्या अकरा दिवसांचं कौतुक करायला हे पत्र.

उरलेला रंग लहान डब्यात गच्च भरून ठेवलाय, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख तूच लिहिलीस. सांगितल्याप्रमाणे मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन जागा बघीन: न्हाणीघराची भिंत, कॉलमजवळची जाळी आणि पश्चिमेच्या खिडक्यांचे खालचे कोपरे. कुठे काही दिसलं तर कळवतो. येताना वही आण, ती हजेरीही लागेल.

तुझा,
खानापूर तालुक्यातला मित्र