मुलांचं वजन मोजताना त्यांचं जगणंही विचारात घ्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

मी शालेय समुपदेशक आहे. मुलांमधल्या लठ्ठपणाकडे आपलं खातं गांभीर्याने बघू लागलं, याचं मला मनापासून समाधान आहे. प्रश्न खरोखरच मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९० मध्ये जगातल्या ५ ते १९ वयोगटातल्या दर शंभर मुलांमागे दोन मुलं लठ्ठ होती. २०२२ पर्यंत ती आठ झाली, म्हणजे सुमारे १६ कोटी. मात्र या कामाचा सगळा हिशोब किलोंमध्ये मांडला जातो. किती मुलांचं वजन घेतलं, किती जास्त भरली, किती कमी झाली. ते मूल शाळेत खुशीने येतं का, रात्री नीट झोपतं का, मधल्या सुट्टीत त्याच्याशी कुणी खेळतं का, हे त्या तक्त्यात कुठेच विचारलेलं नसतं.

हे विचारता येत नाही, असं मुळीच नाही. डॉ. जेफ्री श्विमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीव्र लठ्ठपणा असलेल्या १०६ मुलांना आणि त्यांच्या पालकांना नेमके असेच प्रश्न विचारले होते. पळायला त्रास होतो का, भीती किंवा उदास वाटतं का, इतर मुलं चिडवतात का, वर्गात लक्ष लागतं का. २००३ मध्ये निष्कर्ष आले, ते वाचून मी बराच वेळ सुन्न होते. निरोगी मुलांच्या तुलनेत या मुलांचं जीवनमान, म्हणजे रोजच्या जगण्याची गुणवत्ता, खालावलेली असण्याची शक्यता साडेपाच पट होती. कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या मुलांचं जीवनमान जेवढं खालावतं, जवळपास तेवढंच यांचं खालावलं होतं. ही मुलं उपचारासाठी पाठवलेली, जास्त त्रास असलेली होती, हे ध्यानात ठेवायला हवं. वजन जास्त असलेलं प्रत्येक मूल दुःखी असतं असं नाही आणि तसं गृहीत धरणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे. म्हणून तर त्या मुलालाच विचारायला हवं.

यातला काही त्रास शरीराचा असतो. गुडघे दुखतात, धाप लागते. काहींचा श्वास झोपेत मध्येमध्ये अडतो, त्यामुळे रात्रभर झोपूनही झोप पुरी होत नाही. सकाळी दुसऱ्या तासाला मूल पेंगतं आणि ‘आळशी’ म्हणून बोलणी खातं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची मान घासून घासून सोलवटली होती. मानेच्या मागे काळपट, जाडसर पट्टा होता आणि ‘आंघोळ करतेस की नाही?’ असं तिला चारचौघांत विचारलं गेलं होतं. तेव्हापासून ती रोज मान घासत होती. तो मळ नव्हताच. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं, रक्तातलं इन्शुलिन वाढलं, की त्वचा अशी काळवंडते आणि ती घासून जात नाही. जिला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं, तिच्या हातात साबण दिला गेला होता.

उरलेला त्रास माणसं देतात आणि माझ्या अनुभवात तोच जास्त खोल जातो. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १०-११ वर्षांच्या मुलांपुढे सहा मुलांची चित्रं ठेवली. कुणी कुबड्या घेतलेलं, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाला एक हात नाही, कुणाच्या चेहऱ्यात व्यंग, एक धडधाकट आणि एक लठ्ठ. कोण जास्त आवडतं, या क्रमात लठ्ठ मूल सर्वात शेवटी आलं. चाळीस वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा ही नावड कमी होण्याऐवजी वाढलेली निघाली.

या नावडीच्या मुळाशी एक पक्का समज आहे : लठ्ठपणा हा त्या मुलाचाच दोष, तोंडावर ताबा नाही, अंग हलवायला नको. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगयष्टी, ज्यांनी वाढवलं त्या आईबापांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळत होती. परिस्थितीचा वाटा आहेच, नाहीतर तीस वर्षांत दोनाचे आठ झाले नसते. पण जन्मदाते आणि भोवतालची परिस्थिती, यांतलं काहीही मुलाने निवडलेलं नसतं.

आणि टोमण्यांनी वजन उतरतं, हा समज तर आता सोडायलाच हवा. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, चार हजारांहून अधिक किशोरवयीन मुलामुलींच्या अमेरिकन पाहणीत, वजनावरून चिडवलं जाण्याचा संबंध नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी आढळला. मुलाचं प्रत्यक्ष वजन कितीही असो, हा संबंध कायम होता. चिडवणाऱ्यांत घरचेही येतात. त्यांच्या बोलण्यात माया असते, हे मी नाकारत नाही. मुलापर्यंत मात्र तेवढा शब्दच पोचतो.

आता शाळेतली वजन-तपासणी. मुलं ओळीने उभी, काट्याशी एक जण, वहीशी दुसरा. काट्याजवळचा आकडा मोठ्याने सांगतो, वहीजवळचा लिहून घेतो. तो आकडा अख्ख्या वर्गाला ऐकू जातो आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाचं नाव होऊन बसतो. पुढच्या तपासणीला काही मुलं पोटात दुखतंय म्हणून घरी राहतात. खरंच दुखत असतं. मी शिक्षकांना दोष देत नाही, त्यांना वेळ आणि आडोसा कुणी दिलेलाच नाही. बरं, एवढं करून हाती काय लागतं? कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांमध्ये सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वजनाचा अहवाल घरी पाठवल्याने मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. शाळेत वजन घेतलेल्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र वाढण्याची चिन्हं दिसली.

म्हणून माझी पहिली मागणी ही, की वजन पडद्याआड, एकेकट्या मुलाचं घेतलं जावं, आकडा मोठ्याने उच्चारू नये आणि पुढच्या उपचाराची सोय नसेल तिथे नुसता आकडा घरी पाठवू नये. दुसरी मागणी मला सर्वात महत्त्वाची वाटते. तपासणीच्या फॉर्ममध्ये जीवनमानाचे प्रश्न घाला. अशा प्रमाणित प्रश्नावल्या तयार आहेत, श्विमर यांनी वापरलेलीत २३ प्रश्न आहेत आणि मूल पाच-दहा मिनिटांत त्या भरतं. पालकांनाही विचारा, पण मुलाऐवजी नव्हे, कारण दोघांची उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत. एखाद्या उपक्रमानंतर वजन तसूभर हललं नाही, पण मूल मैदानावर उतरू लागलं आणि शाळा बुडवेनासं झालं, तर तो उपक्रम यशस्वी म्हणून नोंदवला जावा.

जनजागृतीच्या फलकांवर चेहरा वगळून नुसतं पोट दाखवलेली मुलांची छायाचित्रं असतात, ती कृपया काढायला लावा. दवाखान्यांत मोठ्या मापाचे रक्तदाबाचे पट्टे हवेत, कारण लहान पट्ट्याने रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. आणि जिथे वजनावर उपचार होतात, तिथे मनाचं बघणारा माणूस त्याच खोलीत, त्याच दिवशी हवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या इमारतीत बोलावलेली मुलं सहसा येत नाहीत.

पुढच्या तपासणीचं परिपत्रक निघण्याआधी त्याचा मसुदा वजन जास्त असलेल्या काही मुलांना वाचायला द्यावा आणि त्यातलं काय बोचतं ते त्यांना विचारावं. अशी बैठक घ्यायचं आपण ठरवलंत, तर तिची तयारी करायला मी तयार आहे.

आपली,
एक शालेय समुपदेशक