शेरीफला फौजदार म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या लहान गावावरच्या एका विनोदी रहस्य कादंबरीचे परीक्षण रविवार पुरवणीत वाचले. नायिका शेरीफ आहे. परीक्षणात तिला शेवटपर्यंत ‘महिला फौजदार’ म्हटले आहे. त्या एका शब्दाने निम्मा विनोद पुसला जातो.

फौजदाराची बदली होते. शेरीफ निवडणुकीत पडते. तिथे बहुतेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ लोक निवडून देतात, मुदत बहुधा ४ वर्षांची. म्हणजे आपल्या सरपंचबाईंच्या हाती तपास, कोर्टाची समन्से आणि तुरुंगाच्या किल्ल्या! संशयिताला बेड्या घातल्या की त्याच्या आत्या-मेहुण्यांची मते गेलीच. विनोद पिकतो तो इथे.

शिवाय गावचे पोलीस वेगळे, त्यांचा चीफ नेमलेला. शेरीफची हद्द अख्खी काउंटी. प्रेत शिवेवर सापडले की ते कुणाचे यावरून जुंपते. ठाण्यांच्या हद्दीचे वाद ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्यात कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. पुष्कळ काउंट्यांत तोही निवडून येतो, डॉक्टर असतोच असे नाही. इंडियानात तर शेरीफवरचे अटक वॉरंट बजावायचे काम त्याचे. रहस्यकथेला ही केवढी मोठी सोय आहे!

तुरुंगही शेरीफच्याच ताब्यात. १९१८ मध्ये टेक्ससच्या कोलमन काउंटीत पतीच्या निधनानंतर एमा बॅनिस्टर शेरीफ झाल्या. बिऱ्हाड तुरुंगाच्या तळमजल्यावरच होते. इंडियानात क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून ३ मार्च १९३४ रोजी बँका लुटणारा जॉन डिलिंजर निसटला, तो शेरीफ लिलियन हॉली यांचीच फोर्ड गाडी घेऊन. पिस्तूल लाकडाचे होते असे सांगतात.

शेरीफसाठी मुंबईत रूढ असलेला ‘नगरपाल’ही चालणार नाही. मुंबईचे शेरीफपद वर्षभराचे, मानाचे, सरकारने नेमलेले. इंदू शहाणी यांनी ते भूषवले. तिथे ना निवडणूक, ना कैदी.

तेव्हा शेरीफ हाच शब्द ठेवावा. आणि संवादात डेप्युटीच्या, म्हणजे तिच्या हाताखालच्या पोलिसाच्या, तोंडी ‘मॅडम’ घालू नये. त्याने मुख्यालयातून बदलून आलेल्या साहेबीणबाई डोळ्यांपुढे येतात. लहान गावातला डेप्युटी बहुधा तिच्याच शाळेतला. चारचौघांत तो ‘शेरीफ’ म्हणेल, गाडीत दोघेच असताना ‘अगं’.

आपला,
एक वाचक, सांगली