बिस्किटची मान

श्रॉपशायर, इंग्लंड
१२ जून

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शैलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत, हे आधी. माझ्या रात्रपाळ्या, यांचं ऑफिस, सईची शाळा, सगळं तेच. परवा फोनवर माझा आवाज बसलेला वाटला म्हणून आई रात्रभर जागी होती म्हणे. आई, सर्दी होती गं. रडले वगैरे नव्हते.

पण आप्पा, तुम्ही पोनीचं विचारलंत आणि मी विषय बदलला, ते खरं. फोन स्पीकरवर असतो, सगळे ऐकत असतात, त्यात विजय हसतो. म्हणून लिहूनच कळवते.

नोव्हेंबरात बिस्किटला आणलं तेव्हा व्हिडिओवर दाखवला होता. साडेअकरा हात उंच म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "घोडा हाय का ताबूत?" मग इथला हात चार इंचांचा, हे सांगावं लागलं. नंतर एकच विचारलंत, "मान अशी का फुगलीया?" मी म्हटलं, आप्पा, हे वेल्श जनावर आहे, खिलार नव्हे, यांची जातच गुबगुबीत. तुम्ही "असंल" म्हणालात आणि चहा प्यायला लागलात. ते "असंल" दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाही.

आम्ही डोळे झाकून घेतला नव्हता. इथे विकत घेण्याआधी डॉक्टरकडून जनावर तपासून घेतात, व्हेटिंग म्हणतात त्याला. स्वस्तातली दोन टप्प्यांची असते, आम्ही पूर्ण पाच टप्प्यांची करून घेतली. मी घाई केली असं यांनाही वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. छातीला नळी लावली, अंधाऱ्या तबेल्यात डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, एकेक पाय मुडपून धरला आणि सोडल्यासरशी दुडकी पळवला. दमवला, विसावा दिला, पुन्हा पळवला. रक्तसुद्धा काढून ठेवलं. विकणाऱ्याने दुखण्यावरचं औषध देऊन लंगडणं लपवलेलं असलं तर मागाहून कळावं, म्हणून ते सहा महिने जपतात. दाखला मिळाला: लहान मुलीच्या रपेटीला योग्य. 'तपासणीच्या दिवशी, माझ्या मते' अशी एक ओळ त्यात होती, ती मी वाचलीच नाही. तुम्ही खरसुंडीच्या यात्रेत बैल घेताना उपरण्याखाली हात घालण्याआधी दोन तास नुसते लांब उभे राहून बघायचात. आम्ही दाखल्यावर विसंबलो.

(याला पासपोर्ट आहे, बरं का. इथे प्रत्येक घोड्याला लागतोच. आमचे अजून भारताचे, घरात ब्रिटिश पासपोर्टवाला हा एकटा.)

एप्रिलमध्ये तो अंग घासायला लागला. फाटकाला, खांबाला, शेपटीच्या बुडख्याशी रक्त येईपर्यंत. इथल्या बारीक चिलटांच्या चाव्याची त्याला ॲलर्जी आहे, जन्मभर राहणार. नोव्हेंबरात चिलटंच नसतात, मग डॉक्टरला दिसणार काय? विकणाऱ्या बाईंनी खोगिराबरोबर एक पिशवी फुकट दिली होती. तीत जाळीची झूल निघाली, मानेपासून पोटाखालपर्यंत सगळं झाकणारी, पाच ठिगळांची. मला वाटलं होतं, काय मोठ्या मनाची बाई! आता तीच झूल त्याच्या अंगावर आहे, आणि सहावं ठिगळ माझं.

मेमध्ये त्याहून वाईट. सकाळी गेले तर पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार टाचांवर घेऊन उभा, तापलेल्या फरशीवर माणूस अवघडतं तसा. खुरं हाताला गरम. खुराला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, लॅमिनायटिस म्हणतात. रक्तात इन्सुलिन चढलेलं निघालं. मानेवरची ती चरबी त्याचीच खूण. दुसऱ्या डॉक्टरीणबाई मान दाबत म्हणाल्या, ही खरेदीच्या वेळी कुणाच्या नजरेत आली नाही का? काय सांगणार? आली होती. विजयच्या फुटक्या काचेच्या फोनवर, सात हजार किलोमीटरवरून.

ठेवलेलं रक्तही मुदत संपायच्या आत तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. म्हणजे भांडायलाही कुणी नाही.

आता जे लिहिते त्याला हसू नका. या आजारात हिरवं गवत विष. इथे सगळा डोंगर हिरवागार, गुडघाभर गवत, आणि आमच्या घोड्याला त्यातलं चार घास खायची बंदी. बरा होऊन चरायला सोडला तरी त्याच्या तोंडाला मुसकं बांधायचं. आपण मळणीला खळ्यावर बैलांना घालायचो तेच, फक्त हे रबराचं आणि तळाला रुपयाएवढं भोक. तेवढ्यातून जे येईल ते, तेही रात्री, कारण उन्हाने गवतात साखर वाढते. वाळलेलं गवतसुद्धा थेट घालत नाहीत. ताणकाट्यावर रोज तीन किलो मोजायचं, जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या टबात बुडवायचं, तासांमागून तास. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, त्यात साखर उतरते, आणि ते पाणी ओतून द्यायचं. चोथा घोड्याला. गावात सगळे असंच करतात, कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. मला मात्र पाणी ओतताना दर वेळी २०१३ च्या दुष्काळातली चारा छावणी आठवते. तिथेही चारा काट्यावरच मिळायचा, आणि आई पडलेल्या काड्या पदरात वेचायची.

आई, सई त्याच्यावर बसतच नाही सध्या, तेव्हा पडायचा प्रश्नच नाही. 'विकून टाका' म्हणालात ते कळतं. पण दोष सांगून कुणी घेणार नाही, आणि न सांगता विकायला मी त्या बाईंसारखी झाले नाही अजून. सूज उतरतेय, काल तबेल्यातून स्वतःहून चार पावलं आला. सई त्याच्या गव्हाणीपाशी बसून पाढे म्हणते, मराठीत, तीसपर्यंत येतात.

विजयचं विट्याचं स्थळ जुळत असेल तर माझी अडचण धरू नका. शेतकरी मुलगा म्हटल्यावर आजकाल दारातूनच परत पाठवतात, हे समोरून आलेत तर चांगलंच आहे. फक्त बहीण इंग्लंडात असते, या भरवशावर त्यांना काही कबूल करू नका. साखरपुड्याला मी येते, नक्की. लग्नाला सगळे येऊ. बिस्किटकडे बघणारं कुणी मिळायला हवं, ते बघते.

टेंभू योजनेच्या पाण्यासाठी शेतापर्यंत पाइपलाइनचे दोन लाख या महिन्यात पाठवते म्हणाले होते. सध्या ऐंशी हजार पाठवते, २५ तारखेपर्यंत खात्यात दिसतील. बाकी दिवाळीच्या आत. पाणी पुढच्या शेतात गेलं आणि आपलं कोरडं राहिलं तर माझ्यामुळेच, माहीत आहे. घोड्याची किंमत मी तुम्हाला निम्मी सांगितली होती आप्पा. यांना वाटलं खरं सांगावं, मी नको म्हटलं.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कुणीच सांगितलं नाही. विजयला लिहायला सांगा, 'बरं आहे' एवढंच नको.

तुमची,
शैला

ता. क. आप्पा, चारही खुरांचे फोटो विजयच्या फोनवर टाकलेत, बाजूने आणि तळातून. उजेडात नीट बघा. खुरांवर ज्या वळ्या दिसताहेत त्या टाचेकडे रुंद होत गेल्यात, ते तुमच्या लेखी जुनं दुखणं की यंदाचंच? या वेळी "असंल" म्हणू नका.